वाचकांचे प्रश्न : बोचणारं ऑफिस

स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचाली जुळवण्यातली अडचण), टुरेट (अनावर हालचाली आणि आवाज). नावं वेगवेगळी, पण मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी असणं हे यांतलं समान सूत्र. अशा माणसांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यांना निर्वेधपणे काम करता येईल असं ऑफिस कसं उभं करायचं, यावर आलेल्या पत्रांपैकी नऊ प्रश्न इथे घेतले आहेत. आवाजाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त, म्हणून सुरुवात तिथून.

प्रश्न : आमच्या चाळीस जणांच्या खुल्या हॉलमध्ये भिंतींवर फोमची पॅनेल्स लावून घेतली. मीटरवर आवाज ५२ डेसिबल येतो, म्हणजे फार नाही. तरी स्वमग्न असलेला एक सहकारी आणि एडीएचडी असलेली एक सहकारी, दोघंही गोंगाटाची तक्रार करतात. चुकतंय कुठे?

उत्तर : मोजण्यात चुकतंय. आवाज किती मोठा आहे एवढंच तुमचा मीटर सांगतो. त्रास होतो तो शब्द कळल्यामुळे. एसीची ५२ डेसिबलची एकसुरी घरघर बहुतेकांचा मेंदू थोड्या वेळात मागे टाकतो. पण चार टेबलं पलीकडचा फोन ४५ डेसिबललाही डोक्यात शिरतो, कारण ओळखीच्या भाषेतलं वाक्य कानावर पडलं की मेंदू ते उलगडायला घेतोच. ‘लक्ष देऊ नकोस’ म्हटल्याने ते थांबत नाही. स्वमग्न किंवा एडीएचडी असलेल्या अनेकांच्या बाबतीत ही नको असलेली वाक्यं बाजूला सारण्याचं काम आपोआप होत नाही, जोर लावून करावं लागतं, आणि दुपारपर्यंत माणूस थकून जातो.

खुल्या ऑफिसांच्या मोजमापाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण, म्हणजे आयएसओ ३३८२ चा भाग ३, म्हणूनच वेगळे आकडे मागतं. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर शब्दांच्या स्पष्टतेचा निर्देशांक (० म्हणजे काहीच कळत नाही, १ म्हणजे सगळं कळतं) ०.५० च्या खाली जातो? अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज किती डेसिबलने उतरतो? आणि ४ मीटरवर तो किती उरतो? चांगल्या ऑफिससाठी २०१२ च्या आवृत्तीत नमुन्यादाखल दिलेली उत्तरं अशी : ५ मीटर किंवा कमी, ७ डेसिबल किंवा जास्त, ४८ डेसिबल किंवा कमी. पहिलं अंतर १० मीटरच्या पुढे असेल तर हॉल वाईट समजायचा.

तज्ज्ञ बोलावण्याआधी एक साधी चाचणी करून पाहा. हॉल रिकामा असताना, पण एसी नेहमीसारखा चालू ठेवून, एकाने आपल्या खुर्चीत बसून नेहमीच्या आवाजात अनोळखी मजकुरातली वीस वाक्यं वाचायची. बाकीच्यांनी २, ४, ६, ८ आणि १० मीटरवर पाठ करून बसायचं आणि ऐकू येईल ते लिहायचं. कुठे किती शब्द बरोबर आले ते मांडा. एसी बंद ठेवलात तर चाचणी फुकट, कारण पार्श्वभूमीचा आवाज गेला की शब्द लांबवर पोचतात. हे आकडे प्रमाणातल्या निर्देशांकाशी ताडून पाहायचे नाहीत. बदल करण्याआधी आणि नंतर, एवढीच तुलना करायची.

आता तुमचा फोम. पातळ, २५ मिलिमीटरचा फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. बोलण्याचा खालचा भाग तसाच उरतो. शिवाय रुंद आणि बुटक्या हॉलमध्ये आवाज मुख्यतः छतावर आपटून पलीकडे जातो, भिंती त्या मानाने लांब असतात. तेव्हा खर्च छतावर करा : ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या टाइल्स, शोषणाचा निर्देशांक (१ म्हणजे जवळपास सगळा आवाज शोषला जातो) ०.९ च्या आसपास, आणि टाइलमागे हवेची पोकळी. (साधा फोम आगीत झपाट्याने पेटतो. लावलेल्या पॅनेलचं अग्निरोधक प्रमाणपत्र आहे ना, ते आजच पाहून घ्या.)

छत झाल्यावरच पार्टिशन. बसलेल्या माणसाचं तोंड जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतं, त्यामुळे १.२ मीटरचं पार्टिशन नजर अडवतं, आवाज नाही. १.४ ते १.५ मीटर हवं, दोन्ही बाजूंनी शोषक हवं आणि खाली फट नको. छत कडक राहिलं तर तेवढं उंच पार्टिशनही वाया जातं. आवाज त्याच्या डोक्यावरून उडी मारतो.

इथे एक गंमत होते, जी पुष्कळांना महागात पडते. छत आणि पार्टिशन चांगलं जमलं की हॉल इतका शांत होतो की लांबची कुजबुजही कळायला लागते. यावर उपाय म्हणून छतातल्या छोट्या स्पीकरमधून मंद, एकसारखा झाकणारा आवाज सोडतात. त्याची पातळी ४० ते ४५ डेसिबल असावी, वर नेऊ नये. आणि पहिल्या दिवशीच पूर्ण न लावता काही आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा. काहींना मात्र हाच आवाज असह्य होतो. त्यांच्यासाठी हॉलचा एक भाग त्याविना ठेवावा लागतो.

या सगळ्याहून स्वस्त उपाय म्हणजे फोनवर बोलणाऱ्याला उठवणं. ऐकणाऱ्याला शांत खोलीत पाठवण्यापेक्षा बोलणाऱ्याला फोनसाठीच्या बंद बूथमध्ये पाठवा. बूथ घेताना पंख्याची हवा किती आहे ते विचारा. हवा कोंडली की माणसं पंधरा-वीस मिनिटांत दार किलकिलं करतात, आणि बूथचा उपयोग संपतो.

राहिला हेडफोन. आवाज खोडणारे हेडफोन एसीसारख्या खालच्या, सतत चालणाऱ्या आवाजावर उत्तम चालतात. बोलण्यावर बरेच कमी. म्हणजे झाकणारा आवाज पुसला जातो आणि शब्द उरतात. आम्ही हेडफोन द्यायच्या विरोधात नाही, पण ‘हेडफोन दिलेत की’ हे उत्तर म्हणून पुरत नाही.

प्रश्न : टीममधला एक जण दिवसभर टोपी घालून बसतो आणि डोक्यावरचे दिवे बंद करायला सांगतो. बंद केले की इतरांना अंधार वाटतो. मधला मार्ग काय?

उत्तर : आधी दिवे लुकलुकतात का ते पाहा. डोळ्यांना सरळ दिसत नसलेली लुकलुकही डोकेदुखी आणि डोळ्यांवर ताण आणू शकते, आणि काही जणांना ती इतरांपेक्षा फार लवकर जाणवते. जुन्या चोकवरची ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. एलईडी दिव्यात खराब ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) असेल तर तिथेही तेच. काही दिवे पूर्ण प्रकाशात स्थिर असतात, पण डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) खाली आणला की लुकलुकायला लागतात, कारण तो डिमर प्रकाश सलग कमी करत नाही, दिवा झपाट्याने चालू-बंद करतो.

तपासणी सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रांवर ठेवून दिव्याचं चित्रण करा. पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. दुसरी खूण पेन्सिलची : दिव्याखाली पेन्सिल पंख्यासारखी झरझर हलवा. चांगल्या दिव्याखाली एकसंध धूसर पट्टा दिसतो, वाईट दिव्याखाली पाच-सहा सुट्या पेन्सिली. दोन्ही चाचण्या डिमरच्या प्रत्येक पातळीवर करा. खरेदीच्या कागदावर आकडा मागायचा असेल तर आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं १७८९ क्रमांकाचं, २०१५ चं मार्गदर्शन धरा. त्यानुसार १०० हर्ट्झला प्रकाशातला चढउतार ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. बहुतेक वेळा अख्खा दिवा नव्हे, नुसता ड्रायव्हर बदलून भागतं.

लुकलुक नसेल तर प्रश्न प्रमाणाचा. लिहिण्या-वाचण्याच्या कामासाठी टेबलावर ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) हा युरोपीय प्रमाणातला आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो काम करण्याच्या पृष्ठभागासाठी आहे. अख्खा हॉल तेवढा उजळायची गरज नाही. वरचा सर्वसाधारण उजेड २०० ते ३०० लक्सवर आणा आणि प्रत्येक टेबलावर स्वतः कमी-जास्त करता येईल असा दिवा द्या. टोपीवाल्याची टोपीही उतरेल आणि शेजारणीला अंधारही वाटणार नाही. नियंत्रण ज्याच्या त्याच्या हाती असणं इथे लक्सच्या आकड्याहून मोलाचं आहे.

टेबल दिव्याच्या बरोबर खाली न ठेवता दोन दिव्यांच्या मध्ये ठेवा. खिडकी संगणकाच्या पडद्याच्या मागे किंवा माणसाच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. टेबलाचा पृष्ठभाग चकचकीत नको. हालचाल टिपून दिवे लावणारे सेन्सर तपासा. पाच मिनिटांवर लावलेले असतील तर एकाग्र होऊन स्थिर बसलेल्या माणसावर ते अंधार करतात आणि त्याला हात हलवून दिवा लावावा लागतो. वीस-तीस मिनिटं ठेवा.

आणि जमिनीकडे बघा. काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचा गालिचा अनेकांना गरगरवतो. डोळ्यांना सर्वांत जास्त टोचतात ते नजरेच्या कोनातल्या एका अंशात काळ्या-पांढऱ्याच्या साधारण तीन जोड्या बसतील असे पट्टे. उभं राहून दोन मीटरवर पाहिलं तर एक काळा आणि एक पांढरा मिळून बोटाच्या रुंदीएवढा. गालिचा बदलणं शक्य नसेल तर निदान कामाच्या टेबलांभोवती एकरंगी घाला.

प्रश्न : ‘जो आधी येईल त्याला जागा’ अशी पद्धत आणल्यापासून दोन चांगली माणसं सोडून गेली. दोघांनीही जागेचं कारण दिलं. हे खरंच कारण असू शकतं का?

उत्तर : असू शकतं. रोज नवी जागा म्हणजे रोज नवा उजेड, नवी खुर्ची, नवे शेजारी आणि सकाळी जागा मिळेल की नाही ही धाकधूक. काम सुरू होण्याआधीच दिवसाची बरीच ताकद खर्ची पडते. जागांची टंचाई खरी असेल तरी मागेल त्याला कायमची जागा देता येते. सगळे मागत नाहीत. ती जागा देताना पाठीशी भिंत असावी, दार नजरेच्या टप्प्यात असावं, आणि पॅन्ट्री, प्रिंटर, लिफ्ट, स्वच्छतागृह यांच्या वाटेवर ती नसावी. कोपरा चांगला, पण मागून लोक ये-जा करणारा कोपरा मधल्या टेबलाहून वाईट.

कायमची जागा देणं अगदीच अशक्य असेल तर तीन-चार टेबलांचा एक पट्टा राखीव ठेवा आणि आरक्षण आदल्या आठवड्यातच होऊ द्या. माणसाच्या खुर्चीची मापं, पडद्याची उंची, दिव्याची पातळी एका कार्डावर लिहून ठेवली की मांडामांड दोन मिनिटांत होते.

प्रश्न : आम्ही ‘शांत खोली’ केली. सहा महिन्यांत तिथे खोकी आणि जुने मॉनिटर साठले. खोलीची गरजच नव्हती असं समजायचं का?

उत्तर : नाही. खोलीला धनी नव्हता, एवढंच समजायचं. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने २०२२ मध्ये पीएएस ६४६३ नावाची मार्गदर्शिका काढली. इमारतींची रचना आणि मेंदूंचं वैविध्य हाच तिचा विषय. सावरण्यासाठीची शांत जागा हा तिच्यातला एक ठळक मुद्दा. पण खोली बांधणं सोपं असतं, खोली खोली म्हणून टिकवणं अवघड.

अशा खोल्या ठरावीक वाटांनी बिघडतात. पहिली वाट मीटिंगची : खोली आरक्षण-यादीत आली की आठवड्याभरात ती मुलाखतींची खोली होते. म्हणून ती यादीत घालायचीच नाही, आणि आत टेबल, टीव्ही, पांढरा फळा काहीच ठेवायचं नाही. टेबल नसलं की मीटिंग होत नाही. दुसरी वाट फोनची : ‘इथे फोन नाही’ असं दारावर स्पष्ट लिहा आणि फोनसाठी दुसरी जागा खरोखर द्या, नाहीतर लोक कुठे जाणार? तिसरी वाट लाजेची. किल्ली मागून घ्यावी लागली, नाव नोंदवावं लागलं किंवा दार सगळ्या हॉलच्या तोंडावर असलं, तर ज्याला सर्वांत गरज आहे तोच फिरकत नाही. दार कडेला हवं, काच नको, आतून कडी आणि बाहेर ‘आत कुणीतरी आहे’ एवढी पाटी पुरे. बाहेरून उघडण्याची सोय मात्र सुरक्षेसाठी ठेवा.

आत काय हवं : पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची आणि एक जमिनीवरची बैठक, शून्यापर्यंत उतरणारा दिवा, एकरंगी मऊ रंगाच्या भिंती, जाडसर पांघरूण, पाणी. सुगंधी फवारा, डिफ्युझर, पार्श्वसंगीत यांना थारा नको; ज्याला वासाचाच त्रास होतो त्याची तिथे आणखी कोंडी होते. खोली लिफ्टच्या यंत्राला, स्वच्छतागृहातल्या हात वाळवण्याच्या मशीनला किंवा एसीच्या युनिटला चिकटून नाही ना, हे जागा ठरवण्याआधी तिथे दहा मिनिटं गप्प बसून ऐका. आणि रोज एकदा डोकावून खोकी हलवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

प्रश्न : माझ्या हाताखालच्या मुलीला एडीएचडी आहे. हुशार आहे, पण सांगितलेली कामं निम्मी राहतात. हेडफोन, टेबल, दिवा सगळं दिलं. आणखी काय रचना करू?

उत्तर : आता तुमच्या बोलण्याची रचना करा. तिला दिलेल्या कामांचे शेवटचे दहा निरोप काढून बघा. ‘जरा बघून घे’, ‘लवकरात लवकर दे’, ‘वेळ मिळाला की टाक’, ‘मागच्यासारखंच करायचंय’ अशी वाक्यं किती आहेत? या प्रत्येकात ऐकणाऱ्याने स्वतः भरायच्या दोन-तीन जागा रिकाम्या आहेत. जुना सहकारी त्या सवयीने भरतो. स्वमग्न माणूस बहुधा शब्दशः अर्थ घेतो आणि वेळ मिळत नाही म्हणून टाकत नाही. एडीएचडी असलेल्या माणसाला सगळीच कामं सारख्या मोठ्याने हाका मारत असतात, त्यामुळे कुठल्या कामाला आधी हात घालायचा तेच ठरत नाही.

कामाचा निरोप लेखी द्या आणि त्यात पाच गोष्टी घाला : काय, कुणासाठी, कधीपर्यंत (वार आणि वेळ), पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं, आणि हातात दुसरं काम असेल तर आधी कुठलं. ‘अहवाल बघ’ याच्या जागी : ‘अहवालातल्या तक्त्यांचे आकडे मूळ फाइलशी ताडून चुका पिवळ्या कर, भाषा तपासू नकोस, गुरुवारी दुपारी ३ पर्यंत, आधी हे, मग बिलं.’ लिहायला दीड मिनिट लागतं.

मोठं काम असेल तर मधला टप्पा तुम्ही ठरवा. ‘महिनाअखेर’ ही तारीख एडीएचडी असलेल्या अनेकांना ‘आता नाही’ एवढीच भासते, आणि ती अचानक उद्यावर येऊन ठेपते. दर दोन दिवसांनी दहा मिनिटांची, ठरलेल्या वेळची भेट ठेवा. तिला ‘झालं का?’ विचारू नका. ‘आता कुठे अडलंय?’ विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस बचाव करतो, दुसऱ्याला माहिती देतो.

सूचना एकाच ठिकाणी येऊ द्या. तोंडी, ईमेल, चॅट आणि मीटिंगमधलं ओझरतं वाक्य अशा चार वाटांनी कामं येत असतील तर निम्मी राहणारच, आणि हे फक्त तिच्या बाबतीत खरं नाही. मीटिंगचे मुद्दे २४ तास आधी, ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी लेखी. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नको. हात चाळवत, उभं राहून किंवा येरझाऱ्या घालत ऐकणारा माणूस बहुधा जास्त ऐकत असतो.

एक उलटा इशारा. नेमकेपणा म्हणजे दर तासाला डोकावणं नव्हे. एकाग्रता लागलेली असताना मोडली तर ती परत जुळवणं तिला इतरांहून कठीण जातं.

प्रश्न : एचआरमध्ये काम करते. सवलती मागणाऱ्यांकडून डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्यावं, असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. न घेतल्यास सगळेच मागतील असं ते म्हणतात.

उत्तर : सगळ्यांनी मागितलं तर बिघडतं काय, हा प्रश्न वरिष्ठांना सोयीनुसार विचारा. टेबलावरचा दिवा, लेखी सूचना, फोनच्या वाटेपासून दूरची जागा या गोष्टी कुणी मागितल्या म्हणून ऑफिसचं नुकसान होत नाही. मोठ्या वयाच्या अनेक न्यूरोडायव्हर्जंट माणसांचं निदान कधी झालेलंच नसतं. तपासणी महाग आणि लांबणारी असते. प्रमाणपत्राची अट घातली की तुमच्याकडे कागद असलेलेच येतात, गरज असलेले नाहीत.

मागण्या दोन ढिगांत वेगळ्या करा. पहिल्या ढिगात बिनकागदी, मागताक्षणी मिळणाऱ्या गोष्टी : हेडफोन, दिवा, संगणकाच्या पडद्यावर लावायचा गाळक, जागाबदल, लेखी मुद्दे, कॅमेरा बंद, येण्याजाण्याच्या वेळेत तासभराची ढील. यांची यादी भिंतीवर लावा. माणसाला काय मागता येतं हेच ठाऊक नसतं. दुसऱ्या ढिगात भूमिका बदलणं, कायमचं घरून काम, कामाचे तास कमी करणं, मोठी बांधकामं. तिथे चर्चा आणि गरज पडली तर कागद. चर्चेतही ‘तुम्हाला काय झालंय?’ हा प्रश्न नको. ‘कामात कुठे आणि कधी अडतं?’ हा हवा. उत्तर निदानाहून उपयोगी असतं : ‘एडीएचडी आहे’ यावरून खुर्ची कुठे हलवायची ते कळत नाही, ‘दुपारी मागचे लोक उभ्याने बोलतात’ यावरून कळतं.

वरिष्ठांना कायद्याची भाषा लागत असेल तर अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार दाखवा. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं त्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलेलं आहे. दिलेली सोय दर तीन महिन्यांनी तपासा आणि माणसाचा वरिष्ठ बदलला तरी ती टिकेल अशी लिहून ठेवा. सर्वाधिक सोयी इथेच गळतात : नवा साहेब येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. ही नोंद कोण कोण पाहू शकतं, तेही आधीच सांगा.

प्रश्न : डिस्लेक्सियासाठी खास बनवलेले फाँट सगळ्या कागदपत्रांना लावावेत का?

उत्तर : लावायची गरज नाही. अशा फाँटच्या अक्षरांच्या खास आकारामुळे वाचन सुधारतं, याला अभ्यासांचा भक्कम आधार नाही. फायदा दिसतो तो बहुधा मोकळ्या अंतरांचा. साधा, सरळ वळणाचा फाँट १२ ते १४ पॉइंटमध्ये, ओळींत दीडपट अंतर, मजकूर डावीकडे जुळवलेला आणि उजवीकडची कड मोकळी, पांढऱ्याशुभ्र कागदाऐवजी किंचित पिवळसर. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधली अंतरं वेडीवाकडी होतात. तेवढं टाळलंत तरी बराच फरक पडतो. कागद स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात पाठवू नका, संगणकाला तो मोठ्याने वाचता येत नाही.

प्रश्न : एकाला टुरेटमुळे अनावर आवाज होतात, दुसरीला पायाने ठेका धरल्याशिवाय सुचत नाही, आणि तिसऱ्याला टाचणी पडलेली चालत नाही. तिघं एकाच टीममध्ये. सोय कुणाची करायची?

उत्तर : तिघांचीही, पण एकाच जागी नाही. गरजा एकमेकींना छेदणं हा या विषयातला सर्वांत खरा पेच आहे, आणि ‘सर्वांसाठी एकच आदर्श ऑफिस’ ही कल्पना तिथेच मोडते. हॉलचे आवाजानुसार तीन पट्टे करा : बोलण्याचा, मंद कुजबुजीचा आणि मौनाचा. पट्टे या क्रमानेच ठेवायचे, बोलका आणि मौनाचा एकमेकांना लागून नकोत. मध्ये कपाटं किंवा भांडाराची खोली आली तर उत्तम.

टुरेट असलेल्या माणसाला आवाज दाबायला सांगू नका. थोडा वेळ दाबता येतो, पण सगळं लक्ष त्या दाबण्यात जातं आणि काम बाजूला राहतं. त्याला हॉलबाहेर हाकलणंही नको. कुठे बसायचं ते त्याने ठरवावं, आणि सहकाऱ्यांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, तेही त्यानेच. तिच्या ठेक्यावर उपाय अगदी साधा : टेबलाखाली जाड रबरी चटई, आणि इतरांच्या टेबलाला न जोडलेलं स्वतंत्र टेबल, म्हणजे हादरे पोचत नाहीत. मौनाच्या पट्ट्यात त्या तिसऱ्याला बसवा, पण टीमच्या गप्पांत तो मागे पडू नये म्हणून निर्णय बोलक्या पट्ट्यात तोंडी न घेता लिहून घ्या.

प्रश्न : आगीच्या सरावाच्या वेळी एक सहकारी कान झाकून जिन्यातच बसली. खऱ्या आगीत काय करणार?

उत्तर : त्या क्षणी करण्याजोगं थोडंच असतं : आवाज चढवू नका, न विचारता हात धरू नका, ‘माझ्या मागे ये’ इतकंच छोटं वाक्य बोला आणि पुढे चालायला लागा. बाकी तयारी आधीची. सरावाची तारीख आणि वेळ तिला लेखी कळवा. भोंगा न वाजवता तिच्यासोबत जिन्याची वाट दोनदा चालून दाखवा, मग एकदा भोंग्यासह. कानावर लावायचे संरक्षक तिच्या खणात नव्हे, टेबलाच्या कडेला हुकवर टांगा. सोबतीला ठरलेला एक माणूस हवा, आणि तो रजेवर असेल त्या दिवसासाठी दुसरा.

इमारतीतलं काम करून घेता आलं तर अख्ख्या मजल्याला एकच कर्कश भोंगा लावण्याऐवजी कमी आवाजाचे जास्त भोंगे लावा. चमकणाऱ्या इशारा-दिव्यांचा वेग युरोपीय प्रमाणानुसार सेकंदाला अर्धा ते दोन वेळा एवढाच असतो. पण एका जागेवरून दोन-तीन दिवे दिसत असतील तर ते एकाच ठेक्यावर चमकतील असे जोडून घ्या, नाहीतर एकत्र मिळून वेग वाढतो. आणि बाहेर जमण्याची जागा गर्दीपासून वीस पावलं दूर, झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला, तिच्यासाठी वेगळी ठरवून हजेरी घेणाऱ्याला सांगून ठेवा. नाहीतर ती सुखरूप बाहेर असेल आणि तुम्ही तिला आत शोधत बसाल.